घसरगाडी ओढणारी

एदिकनं कापसात गुंडाळलेली पुतळी बाहेर काढली आणि इराइदा पावलोव्नांच्या टेबलावर, दिव्याखाली उभी केली. आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. त्या टेबलावर रोज शिपाई यायचे. कुणी भालेवाला, कुणी नगारेवाला, कुणी सोनेरी झालरीचा अधिकारी. ही बाई होती. बोटाच्या दोन पेरांएवढी, कथलाची, अजून रंगाचा थेंबही न लागलेली. अंगात जाड कोट, डोक्याला शाल, खांद्यावर दोरी, आणि दोरीच्या टोकाला बर्फावरून ओढायची लाकडी घसरगाडी, लहान पोरं टेकडीवरून घसरायला घेतात तसली. गाडीवर एक लांबट गाठोडं बांधलेलं. त्यात काय आहे हे आमच्या शहरात कुणाला सांगावं लागत नाही.

"हे काम तुमच्याशिवाय कुणाला देणार?" एदिक म्हणाला. "गिऱ्हाइकाकडं आपल्या लढाईतले सगळे शिपाई झालेत. आता त्याला वेढ्यातली साधी माणसं पाहिजेत."

इराइदा पावलोव्नांनी चष्मा नाकावर नीट बसवला, पुतळी उचलली, गाडीखालची बाजूसुद्धा पाहिली.

"ठेव," एवढंच म्हणाल्या.

मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. रूबल गडगडला त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती, म्हणजे आमच्या शहराला, तेव्हाच्या लेनिनग्रादला, जर्मनांचा वेढा पडला तेव्हा त्या शाळेत जायच्या वयाच्याही नव्हत्या. वेढ्यातून वाचलेल्यांना मिळतं ते ओळखपत्र त्यांच्या पर्समध्ये असायचं. ट्राममध्ये कधी तपासनीस आला की त्या ते दाखवायच्या आणि लगेच आत घालायच्या. त्याबद्दल बोलायच्या मात्र कधीच नाहीत. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बरीच वर्षं बसले, पण मला त्यांच्या फुलझाडांची नावं माहीत होती, त्यांच्या आईचं नाव माहीत नव्हतं.

आमचा कारखाना म्हणजे व्हासिल्येव्स्की बेटावरच्या एका जुन्या इमारतीचा पोटमाळा. एदिक, म्हणजे एदुआर्द माक्सिमोविच, मालक. तो पोरगा असताना चिनी मातीच्या कारखान्यात उमेदवारीला लागला होता आणि त्याच्या हातात पहिला ब्रश दिला तो इराइदा पावलोव्नांनीच. पुढं तो कारखाना अर्धा बंद पडला, चितारणाऱ्या बायका घरी बसल्या. तेव्हा यानं पोटमाळा भाड्यानं घेतला, कथलाचे शिपाई ओतायला सुरुवात केली आणि आम्हा बायकांना एकेक करून बोलावून घेतलं. हे त्याचं ऋण आम्ही सगळ्याच मानत होतो. म्हणूनच पुढं जे झालं त्याचा राग गिळताना जास्त त्रास झाला. माझ्याकडं घोडे असायचे. ल्यूबाचे घोडे घाम गाळतात, असं एदिक गिऱ्हाइकांना सांगायचा. चेहरे मात्र इराइदा पावलोव्नांकडं.

या कामातली खरी गोम त्यांनीच मला शिकवली. एवढ्या लहान वस्तूवर ऊन काही काम करत नाही. खऱ्या माणसाच्या नाकाखाली सावली आपोआप पडते, बोटभर शिपायाच्या नाकाखाली ती पडतच नाही, आपण ती तिथं ठेवावी लागते. कोटाच्या घडीवर उजेड, घडीच्या पोटात अंधार, दोन्ही आपणच लावायचे, आणि जरा जास्तच लावायचे, नाही तर हातभर अंतरावरून सगळा शिपाई मातीचा गोळा दिसतो. डोळ्याचं पांढरं कधी पांढऱ्या रंगानं भरायचं नाही, माणूस भूत पाहिल्यासारखा दिसतो. त्यात किंचित गेरू, किंचित राखाडी. आणि डोळा रंगवताना दोन्ही कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकलेली, श्वास बाहेर सोडून झाल्यावर जी थोडीशी शांतता असते तेवढ्यात ब्रश टेकवायचा आणि उचलायचा.

घसरगाडीवाल्या बाईला त्यांनी पुष्कळ दिवस घेतले. ओतकामाच्या कडा कानशीनं घासून काढल्या, पुतळी साबणानं धुतली, राखाडी अस्तर दिलं, बुचावर चिकटवून कोट रंगवला, शाल रंगवली. कोट एकाच काळ्या रंगाचा असेल असं कुणालाही वाटलं असतं. त्यांनी त्यात हिरवट काळा, तांबूस काळा, खांद्यावर दोरी घासते तिथं उडालेला काळा असे काळ्याचे प्रकार केले. मग गाठोडं. आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की पांढरी चादर होईल. त्यांनी त्यावर निळ्या रेघा ओढायला सुरुवात केली. केसाएवढ्या बारीक, उभ्या आणि आडव्या, आणि गाठोड्याला जिथं वळण होतं तिथं रेघही वळलेली.

"हे काय?" मी विचारलं.

"स्वयंपाकघरातला पडदा," त्या म्हणाल्या. "चादरी भाकरीच्या बदल्यात गेल्या होत्या. पडदा कुणी घेईना, विटलेला होता."

मग ब्रश न थांबवता त्यांनी सांगितलं. भाऊ होता, ल्योवा, त्यांच्याहून लहान, वेढ्यात भुकेनं गेला. आईनं त्याला पडद्यात गुंडाळलं, त्याच्याच घसरगाडीवर बांधलं आणि ओढत नेलं. घरी एकटीला ठेवायची सोय नव्हती, म्हणून त्या मागून चालत होत्या आणि गाठोडं घसरू नये म्हणून त्यावर हात ठेवून होत्या. आई एकदाही मागं वळली नाही. कोपऱ्यावर वळण घेताना तेवढा तिचा चेहरा दिसला. हे सगळं त्यांनी शेजारणीच्या घरचं सांगावं तसं सांगितलं, आणि शेवटची रेघ ओढून ब्रश धुतला.

चेहऱ्याला त्या सगळ्यात शेवटी बसल्या. घडवणाऱ्यानं बाईला फार देखणा चेहरा दिला होता. गालाची हाडं वर आलेली, गाल खोल गेलेले. उपाशी माणूस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं तसंच येतं. त्यांनी त्या खोल गालात सावली भरलीच नाही. उलट तिथं फिकट, मेणासारखा उजेड भरत गेल्या आणि हाडाच्या उंचवट्यावर हळूहळू अंधार आणला. दोन दिवसांत गाल रंगानंच वर आले. चेहरा सुजलेला दिसायला लागला. डोळ्यांखाली त्यांनी टाचणीच्या टोकानं वार्निशचा अगदी सूक्ष्म ठिपका ठेवला, पाणी धरलेल्या कातडीला असते तशी चकाकी यायला. कपाळावर आणि नाकपुड्यांपाशी काजळी, कारण घरोघर लोखंडी शेगडीत खुर्च्या आणि पुस्तकं जळत होती. ओठांना लाल रंग नाही. सगळ्या चेहऱ्यात लाल रंगच नाही.

"भुकेनं माणूस सुजतो, ल्यूबा," त्या म्हणाल्या. "शेजारीण आईला म्हणाली होती, तुमचं बरं आहे, तुमची तब्येत सुधारलेली दिसते. चेष्टा नव्हती. तिला खरंच तसं वाटलं."

मी भिंगातून पाहिलं. मला त्या बाईकडं फार वेळ बघवेना. ती रडत नव्हती. ती कुठंतरी जायचं म्हणून चालली होती.

एदिकनं फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवले. गिऱ्हाईक बेल्जियमचा, निवृत्त दंतवैद्य, घरात काचेची कपाटंच्या कपाटं भरलेली. त्याचा निरोप आला तो एदिकनं आम्हाला सांगितला, आणि सांगताना त्याची नजर जमिनीवर होती. कोट सुंदर, पडदा अप्रतिम. पण चेहरा मळलेला वाटतो. बाई जाडी वाटते. वेढ्यातली बाई अशी कशी? गाल आत गेलेले हवेत, डोळे मोठे हवेत, डोळ्यात एक अश्रू असला तर उत्तम. आणि कपाटात उठून दिसायला शाल लाल करता येईल का?

इराइदा पावलोव्ना म्हणाल्या, की शिपायांची बटणं तू सांगशील त्या रंगाची करून देईन, आजवर दिलीच. हिला मी हात लावणार नाही.

एदिकनं पुतळी उचलली आणि रेगिनाच्या टेबलावर नेऊन ठेवली. रेगिना आमच्यातली सगळ्यात तरुण, कलाशाळेतून आलेली, हात चांगला, मनानं वाईट मुळीच नाही. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि कामाला लागली. चेहरा तैलरंगात होता, अजून पुरता वाळला नव्हता. काडीला कापूस गुंडाळून टर्पेंटाइनमध्ये बुडवला की असा चेहरा मिनिटाभरात निघतो. खाली राखाडी अस्तर उरतं. इराइदा पावलोव्ना पाठ करून एका नगारेवाल्याचा पट्टा रंगवत होत्या. त्या वळल्या नाहीत. टर्पेंटाइनचा वास पोटमाळ्यावर सगळ्यांनाच येत होता.

मला राहवलं नाही. मी एदिकला जिन्यात गाठलं आणि विचारलं, की दात काढणाऱ्या माणसाला आमच्या भुकेत काय कळतं, आणि तुझी आजी याच शहरात होती ना? तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. समजुतीच्या सुरात म्हणाला, "खरं कोण विकत घेतं, ल्यूबा? खरं आपल्या घरोघर पडलंय, फुकट. मला पोटमाळा चालवायचाय. तुम्ही सगळ्या त्यावर जगता."

त्यावर जगत होतो हे खरं होतं. म्हणून मी वर जाऊन माझ्या घोड्यांपाशी बसले. पण अंगाचा नुसता जाळ होत होता.

रेगिनानं चेहरा सुरेख केला. तेच तर दुखतं. गालांत जांभळट सावली, मोठे काळेभोर डोळे, वार्निशचा अश्रू, लालभडक शाल. नाटकातली नटी दिसावी तशी बाई उभी. गाठोड्यावरच्या निळ्या रेघा मात्र तशाच ठेवल्या, गिऱ्हाइकाला आवडल्या होत्या ना. खोट्या बाईच्या मागं खरा पडदा.

इथपर्यंतही मी गिळलं असतं. माणसं पोटासाठी काय काय करतात, त्यातलं हे एक. पण वसंताच्या सुरुवातीला संग्राहकांचं एक परदेशी मासिक आलं, त्यात तिचा पानभर फोटो होता. रेगिनाला फ्रेंच येतं. कौतुकानं ती मोठ्यानं खालची ओळ वाचायला लागली आणि मध्येच थांबली. इराइदा पावलोव्नांनी तिला पुन्हा वाचायला सांगितलं. लिहिलं होतं, की ही कलाकृती इराइदा बेरेझ्कोव्हा यांची, ज्या लहानपणी स्वतः त्या वेढ्यात होत्या, आणि हा चेहरा त्यांनी आठवणीतून रंगवला आहे.

एदिक आत आला तेव्हा मासिक टेबलावर उघडंच होतं.

"माझं नाव काढ," त्या म्हणाल्या.

"छापून झालंय, इराइदा पावलोव्ना."

"पुतळीवर लिहिलंयस का?"

लिहिलं होतं. तळाच्या लाकडी चौथऱ्याखाली, सोनेरी अक्षरांत. त्यांना न सांगता.

"तिथलं काढ."

एदिक खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला. तुम्ही मला आईसारख्या, म्हणाला. तुमचं नाव जगात जातंय, यात अपमान कसला? कोट तुमचा, पडदा तुमचा, शंभरातले नव्वद हिस्से काम तुमचं. "चेहरा म्हणजे केवढा? मसुराच्या डाळीएवढा."

"तेवढा माझ्या आईचा होता, एदिक," त्या म्हणाल्या.

तो उठून गेला. नाव काढलं नाही. गिऱ्हाइकानं त्या नावासाठीच पुतळी घ्यायची ठरवली होती, हे आम्हाला नंतर कळलं. एका बाईचा चेहरा पुसायचा आणि त्या पुसलेल्या जागेवर तिच्याच लेकीची सही करायची, याला आमच्या आजीच्या भाषेत एक शब्द आहे, तो मी इथं लिहीत नाही.

मे महिन्यात दंतवैद्य स्वतः पुतळी न्यायला आला. उंच, वाकलेला, स्वच्छ माणूस, हातात ट्युलिपची फुलं. तो आमच्यासाठी चॉकलेटं घेऊन आला होता आणि प्रत्येकीशी हस्तांदोलन करत होता. त्याला वाईट म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं, आणि त्यामुळं माझा राग बसायला जागाच मिळेना. एदिकनं पुतळी खिडकीपाशी, पांढऱ्या कापडावर मांडली होती. इराइदा पावलोव्नांना बोलावलं. त्या हात पुसत आल्या. म्हाताऱ्यानं वाकून त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं आणि पुतळीकडं बोट करून काहीतरी विचारलं.

दुभाषी रेगिनाच होती. "हे विचारतायत, असंच होतं का?"

एदिक रेगिनाकडं बघत होता.

"नाही म्हणावं," इराइदा पावलोव्ना म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, ब्रश दे म्हणताना असतो तसा. "असं नव्हतं. माझ्या आईचा चेहरा सुजला होता. ती रडत नव्हती, रडायला अंगात काही लागतं. आणि हा चेहरा मी रंगवलेला नाही. हे सगळं त्यांना सांग."

रेगिनाची मान लाल झाली. मग ती बोलली. मला फ्रेंच येत नाही, पण एवढं मला कळलं की ती फार थोडं बोलली. एवढ्या सगळ्याचं एकच वाक्य झालं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले, त्यानं छातीवर हात ठेवला आणि पुन्हा वाकला.

इराइदा पावलोव्नांनाही कळलं. त्या आपल्या टेबलापाशी गेल्या, पेल्यातून कथलाच्या कडा खरवडायची पातळ सुरी काढली, परत आल्या, आणि पुतळी उचलली. एदिक एक पाऊल पुढं आला आणि थांबला. त्याला वाटलं असावं, त्या चेहऱ्यालाच सुरी लावणार. मलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला ते हवं होतं.

त्यांनी कापडाची घडी केली, तिच्यावर पुतळी आडवी निजवली, रंगाला चरा जाऊ नये अशी. ज्या चेहऱ्याची त्यांना चीड होती त्यालासुद्धा धक्का लागू दिला नाही. मग चौथरा आपल्याकडं वळवला आणि त्याखालची सोनेरी अक्षरं खरवडायला लागल्या. कोपरं टेबलावर, मनगटं टेकलेली, एकेक अक्षर, खालचं लाकूड दिसेपर्यंत. म्हातारा आधी हसतच होता, ही काहीतरी शेवटची सफाई आहे असं समजून. मग त्यानं मान वाकवून पाहिलं कोणती अक्षरं जातायत ते. त्याचं हसू गेलं.

सोनेरी भुकटी त्यांनी फुंकून टाकली, पुतळी सरळ केली आणि त्याच्यासमोर उभी ठेवली.

"आता घेऊन जा म्हणावं."

हे रेगिनानं सांगितलं की नाही, मी ऐकलं नाही. म्हाताऱ्यानं एदिकला काहीतरी विचारलं, एदिक त्याला आतल्या खोलीत घेऊन गेला, दार लावलं. बऱ्याच वेळानं म्हातारा बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कापसाचा डबा होता. घेऊन गेला तो. त्याला हवं होतं ते नाव त्याच्या डोळ्यांदेखत उडालं, ते का उडालं हेही एव्हाना त्याला समजलं असेल, तरी घेऊन गेला. कपाटात तेवढी जागा रिकामी ठेवली होती ना. त्याच्या सभ्यपणाचं मला जे काही कौतुक वाटत होतं ते त्या डब्याबरोबर जिना उतरून गेलं.

इराइदा पावलोव्नांनी ब्रश साबणानं धुतले, ओल्या बोटांनी प्रत्येकाचं टोक जुळवलं आणि फडक्यात गुंडाळले. एदिक दारात उभा होता. मी तुम्हाला जा म्हटलेलं नाही, असं तो दोनदा म्हणाला. ते खरं होतं, त्यानं म्हटलं नव्हतं. "माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि त्याच्या कोटाची कॉलर मागं दुमडली होती ती सरळ करून गेल्या. रेगिनानं मला नंतर सांगितलं, की तिनं त्या म्हाताऱ्याला एवढंच म्हटलं होतं, बाई भारावून गेल्या आहेत. सांगताना ती रडली. मी तिला रुमाल दिला नाही.

पुढं इराइदा पावलोव्नांनी परत ब्रश धरला नाही. फाँतांका नदीकाठच्या एका नाट्यगृहात त्या लोकांचे कोट सांभाळायच्या कामाला लागल्या. एदिकनं माणूस पाठवून त्यांना दोनदा बोलावलं, एकदा स्वतः गेला. त्यांनी त्याचाही कोट घेतला, बिल्ला दिला, नाटक चांगलं आहे म्हणाल्या.

मी एकदा हिवाळ्यात, रविवारच्या दुपारच्या खेळाला गेले. नाटकात जीव रमेना म्हणून दुसरा अंक सुरू झाल्यावर बाहेर आले. खाली कोटांच्या रांगांत त्या एकट्याच होत्या, चष्मा लावून खुर्चीवर बसलेल्या, मांडीवर कुणाचा तरी जाडजूड ओला कोट. आमच्याकडं कॉलरमागचा, कोट खुंटीला अडकवायचा बंद तुटलेला असला की कोट सांभाळणाऱ्या बायका गिऱ्हाइकाला चारचौघांत झाडतात, आणि ते बरोबरच आहे. या बंद शिवत होत्या. मी खुणेनं विचारलं, कुणाचा?

"काय माहीत," त्या म्हणाल्या. "जाडा माणूस होता. जवळ बस, दिव्याच्या आड येऊ नकोस."

मी बसले. त्यांनी टाके इतके बारीक घातले की बाहेरून दिसूच नयेत. दोरा दातांनी तोडला, कोट खुंटीला लावून बंद ओढून पाहिला, आणि शेजारच्या कोटाची कॉलर चाचपली. त्याचाही तुटला होता. त्यांनी तो काढून मांडीवर घेतला. वर टाळ्या पडायला लागल्या तेव्हा त्यांचा दुसरा टाका चालू होता. मग जिन्यावरून लोक उतरले, बिल्ले पुढं आले, कोट गेले. तो जाडा माणूस हात बाह्यांत घालत, बायकोशी काहीतरी बोलत, बर्फात निघून गेला.